जमनाकाकूंची गोड बारव

ये सुमे, अशी माझ्याजवळ सरक. पत्राच्या कागदावरच सरकायचं आहे, त्यात काही मोडत नाही. आणि आधी बोलणी खाऊन घे, मग गोष्ट.

मैत्रिणींना घेऊन तू लोणारला आलीस. वरच्या काठावरून सरोवर वाकून पाहिलंस, देवळाचे खांब पाहिलेस, फाट्यावर उभं राहून भजी खाल्लीस. भजीवाला आमच्याच गल्लीतला, त्यानंच मला सांगितलं, "आजी, तुमची पुण्याची नात आली होती वाटते, नाक डिट्टो तुमचं." आणि तुझ्या आजीची सख्खी बहीण, म्हणजे मी, इथं हाकेच्या अंतरावर शेंगा फोडत बसलेली! घरी आली नाहीस ते मी एकवेळ सोडून देईन. पण बाग न पाहता गेलीस ना, ते काही मला पचलं नाही. आज जमनाकाकू असत्या तर फाट्यावरून कान धरून परत आणलं असतं तुला. त्यांचा नियमच होता. गावात कुणाकडं पाहुणा आला की आधी बाग, मग सरोवर. पाहुणा घाईत असला तर म्हणायच्या, "सरोवर काय, ते काय पळून जाऊन राह्यलं? हजारो वर्षं बसलं हाये जागेवर. आधी सावलीत या, पाणी प्या."

या काकू म्हणजे आमच्या शेजारीण. मी सुलतानपूरची, लग्न होऊन लोणारला आले तेव्हा त्या पन्नाशीच्या असतील. तेव्हा आपलं वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं. मोठे साहेब नागपूरला, धाकटे बुलढाण्याला, आणि आमच्या वाट्याला मेहकरचे. गाव खाराचं. उन्हाळ्यात सरोवराचं पाणी आटलं की काठावर पांढरा थर धरायचा. माणसं गुडघाभर चिखलात उतरून तो काढायची, वाळवायची आणि पोती भरून गाढवांवर वर आणायची. पापडात घालतो तो खार, साबणाचा खार, बांगडीवाल्यांचा खार, सगळा इथला. काकूंचे यजमान त्या खाराच्या गोदामावर कारकून होते. भारी भिडस्त माणूस. साहेबाचं नाव काढलं तरी टोपी सारखी करायचे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. काकूंना मूलबाळ नव्हतं. त्याचं दुःख होतं की नव्हतं, ते त्यांनी कधी कुणाला विचारू दिलं नाही.

मी नवी सून होऊन आले आणि पहिल्याच आठवड्यात रडकुंडीला आले. एक तर सरोवराचा तो वास, वाऱ्यानं घरात शिरणारा. दुसरं, पाणी. कुठल्याही विहिरीचं पाणी प्या, जिभेवर मचूळ. चुलीपाशी बसून मी पदरानं डोळे पुसत होते तर दारातून आवाज आला, "काय वं, सुनेले धूर लागून राह्यला का माहेर?" आणि उत्तराची वाट न पाहता सासूबाईंना, "मी घेऊन जाते हिले बागेत. भाकऱ्या तुम्ही थापा आज." आमच्या सासूबाईंना असं बोलायची हिंमत गावात दुसऱ्या कुणाची नव्हती. त्यांनी गुमान परात ओढली.

बाग गोदामाच्या मागं होती. जुनी, किती जुनी ते कुणाला ठाऊक नाही. दगडी भिंत, आत चिंचा, जांभळं, सीताफळं, भिंतीला लागून बकुळी. मधोमध एक दगडी छत्री, चार खांबांवर घुमट असलेली, आणि तिच्या पायाशी बारव. पायऱ्या उतरून खाली गेलं की पाणी. काकूंनी मला ओंजळीनं ते पाणी पाजलं. सुमे, खोटं नाही सांगत, मला माझी आई आठवली. इतकं गोड. सगळं गाव खारट आणि त्याच्या मधोमध हे पाणी.

"आता सांग," काकू म्हणाल्या, "जाशील का पळून माहेरी?"

मी मान हलवली, नाही म्हणून.

"मंग झालं तं. रोज येत जा. एक घागर घेऊन जायची, दोन गोष्टी सांगून जायच्या."

गोष्टी मात्र त्याच सांगायच्या. बागेचा इतिहास त्यांना तोंडपाठ होता, आणि दर खेपेला वेगळा. एकदा म्हणाल्या, ही छत्री एका राणीनं बांधली, तिला उन्हाचा त्रास होता. महिन्याभरानं माझी नणंद आली तर तिला सांगितलं, खाराच्या एका सावकारानं बांधली, दिल्लीपर्यंत त्याचे उंट जायचे. मी मधे बोलले, "काकू, मागं तर राणीनं बांधली म्हणत होतात?"

जराही न अडखळता म्हणाल्या, "मंग? राणीनं सांगितलं, सावकारानं बांधली. राणी काय सोता दगड उचलून राह्यली होती?"

त्यांच्या पदराच्या टोकाला कायम एक गाठ असायची. मला वाटलं, चिल्लर असेल. ती हळद होती. या गावात डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. मीठ पांढरं, साखर पांढरी, खारही पांढरा. एकदा काकांनी मेहकरच्या पाहुण्याच्या चहात साखर समजून खार ढवळला होता. पाहुणा भला, तो कप संपवून उठला आणि परत कधी आला नाही. तेव्हापासून काकू हळद बाळगायच्या. तळहातावर चिमूटभर घ्यायची आणि जे तपासायचं त्याच्या पाण्याचा थेंब टाकायचा. खार असला की हळद लाल होते, नसला तर पिवळीच राहते. कुंकू कसं करतात ते बायकांना सांगायला नको. कोणी नवी घागर आणली, कोणी पाटाचं पाणी वळवलं, की काकूंचा तळहात पुढं. "दाखव." आम्ही हसायचो. आमची सासू म्हणायची, "जमनाबाई, एक दिवस नवऱ्यालेही हळद लावून पाहसाल."

"तो तपासूनच घेतला हाये," काकू म्हणायच्या. "पिवळा हाये बिचारा."

तर एका उन्हाळ्यात काय झालं, सरोवर कधी नव्हे इतकं आटलं. खार असा निघाला की गोदाम भरून पोती बाहेर. त्यातच वावटळीनं गोदामाचे अर्धे पत्रे उडवले. आभाळ तर भरून येत होतं. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. पोती भिजली तर जबाब त्यांनी द्यायचा. घरी येऊन नुसते फेऱ्या मारत होते. काकू चुलीपाशी होत्या, तिथूनच म्हणाल्या, "छत्रीत ठेवा ना अहो. दगडाचं छत हाये. तठी काय पावसाची टाप हाये यायची?"

बघ सुमे, खाराच्या गावात जन्म काढलेली बाई, पदराला हळद बांधणारी. पण नवऱ्याचा चेहरा उतरलेला पाहिला आणि तिला फक्त छत दिसलं. छत्रीला भिंती नाहीत, हे दिसलं नाही. आणि छत्रीचा ओटा बारवेकडं उतरता आहे, पावसाचं पाणी बारवेतच जावं म्हणून जुन्या माणसांनी तो तसा केलेला, हे तर गावात कुणालाच आठवलं नाही. खार काढायचा ठेका ज्याच्याकडं होता त्या ठेकेदारानं लगेच हो म्हटलं. त्याचा त्या जागेवर कधीपासून डोळा होता. झाडं काढली तर खार वाळवायला एवढं मोठं पटांगण गावात दुसरं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी दुपारी गारा झाल्या. आडवा पाऊस. तासाभरात थांबला, ऊनही पडलं. आम्हाला वाटलं, बरं झालं, गारवा आला.

संध्याकाळी माझी डाळ नेहमीपेक्षा लवकर शिजली. मी खूष. मग भात उतरवला तर पिवळट. तेवढ्यात काकू आल्या. हात पुढं केलेला. तळहातावरची हळद लालभडक, जखमेसारखी.

"बारव गेली वं," म्हणाल्या आणि उंबऱ्यातच बसल्या.

सगळी वस्ती त्या पाण्यावर. गोड्या झऱ्याची खालची धार होती, पण ती सरोवराच्या दरीत, भरल्या घागरी घेऊन चढायचं म्हणजे म्हाताऱ्या माणसांचं काम नव्हे. आणि चार दिवसांत झाडंही माना टाकायला लागली, कारण पाट त्याच पाण्याचा. ठेकेदारानं मेहकरला कळवलं की बारव नासली आहे, ती बुजवून टाकावी, झाडं तशीही मरणारच, तर जागा खाराच्या कामाला द्यावी. मेहकरचे साहेब स्वतः येऊन पाहतो म्हणाले. पुढच्या बाजाराच्या दिवशी.

सासूबाई म्हणाल्या, "उपसून घ्या ना सगळी." पण उपसणार कोण? ऐन उन्हाळ्यात माणसं सगळी खाराच्या कामावर, मोटेचे बैल थकलेले.

काकू दोन दिवस घरात होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या, पदर खोचलेला, आणि आवाज असा की वरच्या आळीला जावा. "बायांनो, गोधड्या काढा! वाकळा काढा, सतरंज्या काढा, पोराच्या मुताची दुपटी काढा! बारवेत साबणाचं पाणी झालं हाये. असं पाणी धोब्यालेही भेटत नाही. जेवढं उपसाल तेवढं धुवून न्या!"

पहिल्यांदा सगळ्या हसल्या. मग एकीनं एक गोधडी आणून बुचकळून पाहिली. हाताला बुळबुळ लागत होती आणि मळ असा सुटत होता की काय सांगू. पाऊस तोंडावर आलेला, वर्षाचं पांघरूण धुवायचं प्रत्येकीच्या डोक्यात होतंच. दुपारपर्यंत बागेबाहेर बायकांची जत्रा! पायऱ्यांवर साखळी, हातोहात बादल्या, वर येईतो अर्ध्या सांडलेल्या. काकू भिंतीबाहेर धुवायला लावायच्या, बागेत थेंब पडू द्यायच्या नाहीत. "ए, तठी नको वं, चिंचेच्या मुळाशी काऊन ओतून राह्यली? नाल्यात सोड!" बायका उपसायला लागल्या म्हटल्यावर पुरुषांना लाज वाटली. संध्याकाळी कामावरून आले ते मोट घेऊनच आले. डोणगावहून कुणाकडं आलेला एक जावई, तोही बादली धरून उभा. त्याला वाटलं, इथला रिवाज असेल.

बारव तळाला लागली. गाळ काढला, ओटा घासला, ओट्याच्या कडेला चिकणमातीचा बांध घातला. रात्रीत पाणी झिरपून आलं. सकाळी काकूंनी हळद लावली. लाल.

पुन्हा उपसली. गावातल्या गोधड्या संपल्या, तर बीबी गावच्या बाजाराला जाणाऱ्या गाडीवाल्यांची घोंगडी धुवून दिली. हळद लालच, पण जरा विटकरी. काकू म्हणाल्या, "नरमली हाये." पुन्हा उपसली. मग नारिंगी. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी अजून नारिंगीच होती. काका म्हणाले, "आता पुरे. जे व्हायचं ते होईल." त्यांचा आवाज इतका बारीक होता की काकूंनी त्यांच्याशी वाद घातला नाही. एवढंच म्हणाल्या, "झऱ्याले थोडा दम घेऊ द्या."

साहेब आले ते भर दुपारी. बरोबर ठेकेदार, साहेबांच्या डोक्यावर कापडी छत्री धरून. सगळी बाग कशानं तरी झाकलेली. भिंतीवर, फांद्यांवर, खांबांना दोऱ्या बांधून, जिकडंतिकडं पिळून आणलेल्या रंगीबेरंगी गोधड्या वाळत होत्या. साहेब दारातच थबकले.

"हे काय आहे? बाग पाहायला आलो आहे मी."

"बागच हाये साहेब," काकू म्हणाल्या. "जरा पांघरून बसली हाये."

साहेबांनी विचारलं, पोती इथं ठेवायला कुणी सांगितलं. आम्ही बायका सीताफळांच्या आडोशाला उभ्या. माझ्या हातात रिकामा तांब्या. काकूंनी पदर सावरला. "म्या सांगितलं."

आणि सुमे, टोपी सारखी करणारे ते काका, ते दोन पावलं पुढं आले. "नाही साहेब. हुकूम माझा होता. ती घरात होती, गोदाम माझ्याकडं."

"तुम्ही गप्प बसा ना," काकू.

"नाही बसत," काका.

लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर ते त्यांना पहिल्यांदा नाही म्हणाले असतील. साहेबांनी दोघांकडं पाहिलं. "ते तुम्ही घरी जाऊन ठरवा. पाणी कसं आहे ते बोला."

त्या दिवशी पाणी कुणीच तपासलेलं नव्हतं. सकाळपासून काकू बारवेकडं फिरकल्याच नव्हत्या, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी गाठ सोडली, तळहातावर हळद घेतली आणि हात माझ्यापुढं केला. मी तांब्या घेऊन पायऱ्या उतरले, भरून आणला आणि थेंब टाकला. काकूंनी डोळे गच्च मिटले होते.

"पाह्य वं, पोरी. कोणता रंग हाये?"

मी पाहिलं. थेंब पसरला, हळद भिजली. मी वाट पाहिली. अजून थोडी पाहिली.

"पिवळा, काकू."

"नीट पाह्य."

"पिवळाच आहे."

त्यांनी डोळे उघडले नाहीत, नुसता श्वास सोडला. तो इतका लांब होता की मागच्या बायकांनी ऐकला.

ठेकेदार हसला. "साहेब, हळदीवर कुठं सरकारी काम चालते का? बाईमाणसाचे खेळ हे."

"हाव, खरं हाये," काकू डोळे उघडून म्हणाल्या. "तं मंग आधी तुम्हीच प्या. तुम्ही तं खाराचे जाणकार."

ऊन मरणाचं होतं. मेहकरपासून साहेबांच्या मागं धूळ खात आलेला माणूस तो. साहेबांसमोर नाही म्हणता येईना. त्यानं तांब्या उचलला, तोंड वाकडं करायच्या तयारीनंच उचलला, आणि एक घोट घेतला. मग आणखी एक. मग मान मागं टाकून सगळा तांब्या रिकामा केला, मिशा पुसल्या आणि कुठं आहोत ते विसरून तांब्या माझ्यापुढं धरला. "आणखी दे वं बाई."

आधी साहेब हसले. मग काका, आणि मग सीताफळांमागून आम्ही सगळ्या. ठेकेदाराच्या लक्षात आलं तोवर मी दुसरा तांब्या भरूनसुद्धा आणला होता. तोही प्यायला बिचारा.

साहेबांनी तिथंच सांगून टाकलं की बारव बुजवायची नाही, झाडाला हात लावायचा नाही आणि पावसाळ्याआधी गोदामाचे पत्रे ठेकेदारानं घालून द्यायचे. मग सावलीत बसून पाणी पिता पिता त्यांनी विचारलं, "काय हो बाई, ही बाग बांधली कुणी?"

आम्ही सगळ्या कान देऊन उभ्या. आज राणी येते की सावकार? काकू म्हणाल्या, "मले नाही माहीत, साहेब."

नंतर मी विचारलं, "काकू, असं कसं?" तर म्हणाल्या, "साहेब लिहून नेतात वं. खोटं कागदावर गेलं तं निघत नाही. तुम्हाले सांगायले काय जाते!" आणि मग पायरीवर बसून जे हसायला लागल्या ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्यात हसणं किती आणि रडणं किती, ते मी विचारलं नाही. काकांनी आपली टोपी काढून त्यांना वारा घातला. भर बागेत, सगळ्यांसमोर.

पुढं काकांना पेन्शन झाली आणि दोघं डोणगावला पुतण्याकडं राहायला निघाली. सामानाची गाडी पुढं गेली, मागून दोघं बसलेली बैलांची दमणी. मी दारात उभी होते. बागेपाशी दमणी थांबली. काकू एकट्याच उतरल्या, भिंतीआड गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. काका गाडीत बसून गाडीवानाला काहीतरी सांगत होते, उशीर होतो म्हणून तो चुळबुळत असावा. मग काकू बाहेर आल्या. गुडघ्यावर हात ठेवून चढल्या, बसल्या, आणि दमणी हलली तसा मागच्या बाजूनं हात बाहेर काढून माझ्याकडं केला. तळहात उघडा. इतक्या दुरूनसुद्धा मला दिसला. पिवळाधमक.

"रोज पाहत जा वं!" एवढंच ऐकू आलं.

मी पाहते, सुमे. पदराला गाठ आहे माझ्याही, सुना हसतात त्यांना हसू दे. बकुळी गेली, चिंचा आहेत. छत्रीचा एक खांब कलला आहे, बारव गोड आहे. बाग कुणी बांधली ते विचारशील तर माझ्याकडंही दोन-तीन राण्या आहेत, तुला आवडेल ती सांगीन. पण आता काठावरूनच परत जाऊ नको. सीताफळं पिकतील तेव्हा ये, त्याआधी आलीस तर अजून चांगलं. हळद माझ्याकडं आहे, हात तुझा पाहिजे.